तंदूरच्या पोटातून गेलेली रेघ

लाल रेघ बरोबर तंदूरच्या पोटातून गेली.

शहर कचेरीचा माणूस रंगाचा फवारा मारत गल्लीच्या तोंडापासून ती रेघ ओढत आला. एर्गाशच्या फाटकापाशी तंदूर आडवा आला, तेव्हा क्षणभर थबकला, डोकं खाजवलं, आणि मग रेघ तंदूरवर चढवली, पोटावरून नेली आणि पलीकडे उतरवून पुढे निघाला. त्या वेळी तंदूरच्या आत एर्गाशच्या बायकोचे, झुम्रादचे, चौदा नान होते आणि नानांच्या मागोमाग खांद्यापर्यंत खुद्द झुम्राद होती. तिनं डोकं बाहेर काढलं तोवर तंदूरला मळवट भरून झाला होता.

"काय रे बाबा, तुला वळता येत नाही?"

"ओपा, मला सरळ जायला सांगितलंय," तो म्हणाला. आपल्याकडे थोरल्या बाईला ओपा, म्हणजे ताई म्हणतात.

"मग जा सरळ. कालव्यापर्यंत जा. तिथंही थांबू नकोस."

तो माणूस हसला आणि जाताना दोन गरम नान घेऊन गेला. ज्याच्यावर रेघ मारली त्याच तंदूरचे. शहर कचेरीची माणसं अशीच असतात, पोटात राग ठेवत नाहीत.

एर्गाश आणि नोसिर या दोन सख्ख्या भावांची घरं गल्लीच्या दोन बाजूंना समोरासमोर होती. त्यांचे वडील खोल्मत-ओता यांनी वाटणी करताना मुद्दाम तशी योजना केली होती, की भावांना रोज सकाळी एकमेकांचं तोंड दिसावं. भावांच्या बायकांनाही ते दिसेल, हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही. त्या काळी गल्लीतून कपाशीच्या काटक्या लादलेली दोन गाढवं शेजारून शेजारून जायची. मग दर वसंतात भिंती लिंपायचा कार्यक्रम झाला, आणि लिंपण नेहमी बाहेरच्या बाजूनं चार बोटं जाड पडलं. आतल्या बाजूनं कधीच नाही. चाळीस वर्षांत दोन्हीकडच्या भिंती अशा काही अंगानं भरल्या, की आता एकच गाढव जायचं, तेही पोट आत ओढून.

आता शहराचा नवा नकाशा आला होता. गल्ली सहा मीटर रुंद हवी. होती तीन मीटर ऐंशी. उरलेले दोन मीटर वीस कुठून आणायचे? नोसिरच्या बाजूनं गॅसचा पिवळा पाइप गेला होता, म्हणून सगळे एर्गाशच्या बाजूनं. पाइप हलवायला सहा खात्यांच्या सह्या लागतात. तंदूर हलवायला एक हातोडा पुरतो.

आणि तंदूर हलत नाही, फुटतो. झुम्रादच्या सासूनं मातीत मेंढीची लोकर कालवून तो स्वतःच्या हातानं उभा केला होता. तशी माती आता मिळत नाही आणि तशी सासूही. आत अंगणात नवा बांधावा म्हटलं तर चार पावलांवर द्राक्षाचा मांडव, ठिणगी उडाली की सगळंच भाजून निघायचं. एर्गाश तीस वर्षं बस चालवून घरी बसलेला, त्याचं पेन्शन सिगरेटी आणि सोंगट्यांच्या डावात विरघळायचं. घर चालायचं ते तंदूरवर. गुलचमन मोहल्ल्यातली निम्मी घरं सकाळी झुम्रादच्या नानानं डोळे उघडायची.

"हे मामुराचं काम आहे," झुम्रादनं जाहीर केलं. मामुरा म्हणजे समोरची. नोसिरची बायको, झुम्रादची धाकटी जाऊ.

"ती कशाला रेघ ओढेल?" एर्गाश म्हणाला.

"ती नकाशावाली पोरगी आली होती ना मोजायला, ओयदिन का कोण. सकाळी आली तेव्हा तिच्या भुवया कशा होत्या?"

"भुवया?"

"झुडपासारख्या होत्या. आणि दुपारी गेली तेव्हा? धनुष्य! समोर मामुराच्या पार्लरमध्ये बसून कोरून घेतल्या. फुकट भुवया, आणि रेघ आमच्या तंदूरवर. मी काय आंधळी आहे?"

एर्गाशला आपल्या स्वतःच्या बायकोच्या भुवया सांगता आल्या नसत्या, म्हणून त्यानं सिगरेट पेटवली.

शनिवारी दुपारी सभा होती. मोहल्ल्याच्या कचेरीचं छत उतरवलेलं, म्हणून अध्यक्ष अब्दुवाली-अका जागा शोधत होते. झुम्राद पटकन म्हणाली, "आमच्या अंगणात घ्या की. मांडव आहे, सावली आहे, बसायला-जेवायला लाकडी तख्त मोठं आहे. नान ताजा मिळेल."

अध्यक्ष खूष झाले. एर्गाश मात्र बायकोकडे बघतच राहिला. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पुढचा खड्डा त्याला लांबूनच दिसायचा.

"झुम्राद, तू काहीतरी करणार."

"मी? मी चहा करणार."

तिचा बेत अगदी साधा होता, आणि तो कंबर-ओतांवर उभा होता. कंबर-ओता म्हणजे खोल्मत-ओतांचे धाकटे भाऊ. वय शहाऐंशी, मोहल्ल्यात सगळ्यात वडील. एक आठवडा एर्गाशकडे जेवायचे, एक आठवडा नोसिरकडे, आणि दोन्हीकडे जेवता जेवता डुलकी काढायचे. पण दस्तरखानावरचा, म्हणजे जेवायला पसरलेल्या कापडावरचा नान कुणी गोळा करायला लागलं, की त्यांचे डोळे मिटलेले असोत की उघडे, दोन्ही हात आपोआप वर जायचे. दुवा सुरू. आणि वडीलधाऱ्यानं हात वर केले की ज्याच्या तोंडात घास असेल त्याचेही हात वर जातात. शेवटी सगळे ओमिन म्हणतात, तोंडावरून हात फिरवतात, आणि विषय मिटतो. जी गोष्ट दुवेच्या आधी शेवटची बोलली गेली, ती ठरली. मागे फिरणं नाही. खुद्द मामुराचं लग्न असंच ठरलं होतं. तिचे वडील आरशाच्या कपाटाबद्दल तोंड उघडणार, तेवढ्यात कुणीतरी दस्तरखान उचलला. कपाट आजतागायत आलेलं नाही.

"तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं," झुम्रादनं नवऱ्याला सांगितलं. "'रेघ तंदूरपाशी वळू दे, बाकी सरळ जाऊ दे.' तुम्ही घरातले थोरले. तुम्ही बोललात की मी लगेच नान गोळा करते."

"तूच का नाही बोलत?"

"मी बोलले की भांडण होतं. तुम्ही बोललात की लोकांना नवल वाटतं. नवल वाटलेली माणसं चटकन हात वर करतात."

एर्गाशनं सकाळपासून ते वाक्य तीनदा पाठ म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा तर चुकलाही नाही.

दुपारी अंगण भरलं. झुम्रादनं ओयदिनला हाताला धरून तख्ताच्या अगदी वरच्या टोकाला, कंबर-ओतांच्या शेजारी बसवलं. मानाची जागा. तिथं बसलेल्या माणसाला ओरडता येत नाही आणि मधेच उठताही येत नाही.

"ओपा, मी खाली बसते, मला कागद पसरायचेत," ओयदिन म्हणाली. ताश्कंदमध्ये शिकलेली, काखेत नळीसारखी गुंडाळलेली नकाशाची गुंडाळी.

"कागद कुठं पळून जात नाहीत. नान गार होतो. घे, मोड. आणि भुवया छान झाल्यात हो तुझ्या."

ओयदिनचा हात नकळत कपाळाकडे गेला. झुम्रादनं एर्गाशकडे 'बघितलंत?' अशा नजरेनं पाहिलं.

तेवढ्यात मामुरा आली. केस रचलेले, हातात रुमालानं झाकलेलं ताट, मागे नोसिर. नोसिर आपल्या भावाशेजारी जाऊन बसला आणि दोघा भावांनी बायकांची पाठ वळल्याबरोबर एकमेकांना डोळा मारला. सोंगट्यांचा डाव गुरुवारपासून अर्धा राहिला होता.

"झुम्राद-ओपा, खिम्याचे थोडे सामसे आणलेत," मामुरा गोड आवाजात म्हणाली. "म्हटलं रेघेच्या धक्क्यानं तुमचा हात चालत नसेल."

"ठेव, ठेव. कोंबड्यांना लागतातच."

झुम्रादनं तिच्या हातात चहाचा पियाला दिला. काठोकाठ भरून. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा पियाला देतात, म्हणजे त्याला पुन्हा मागता येतो, तो पुन्हा बसतो. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचा अर्थ एकच: प्या आणि सुटा. अंगणातल्या सगळ्या बायकांनी तो पियाला पाहिला. मामुरानं एक थेंबही न सांडता तो संपवला आणि परत पुढे केला.

"अजून एक, ओपा. असाच."

अब्दुवाली-अकांनी घसा साफ केला. शहराची प्रगती, रुंद रस्ते, आगीचा बंब, रुग्णवाहिका, मोहल्ल्याची शान वगैरे सांगून झालं. मग ओयदिननं नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार नान ठेवले गेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. उलटा नान ठेवायचा नाही, म्हणून कुणीतरी एक नान सुलटा केला, तेव्हा त्याखाली नेमका एर्गाशच्या घराचा भाग दडला.

"तसाच राहू दे," झुम्राद म्हणाली. "सुरक्षित आहे तिथं."

"ओपा, गंमत नाही ही," ओयदिन म्हणाली. "मापाप्रमाणे तुमची बाजू दोन मीटर वीस मागे जाते. फाटक, भिंत आणि तंदूर."

"आणि समोरच्या पायऱ्या? त्या नाही जात?"

"समोर पाइप आहे."

"पाइप आहे," मामुरानं आनंदानं दुजोरा दिला. तिच्या पार्लरच्या चार संगमरवरी पायऱ्या सरळ गल्लीत उतरलेल्या. चौथी तर इतकी पुढे, की तिच्यावर उभं राहिलं तर झुम्रादच्या तंदूरची धग पायाला लागायची. त्या पायऱ्यांवर नटलेल्या नवऱ्या उभ्या करून फोटो काढायचे, हा मामुराचा धंदा. पार्लर आत होतं, पण खरा धंदा पायऱ्यांवर.

"फुकट भुवयांचा पाइप," झुम्राद पुटपुटली, पण अशी की तख्ताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं.

"फुकट?" मामुरा उसळली. "पूर्ण पैसे घेतलेत मी तिच्याकडून!"

"उलट जास्तच घेतलेत," ओयदिन अनवधानानं बोलून गेली, आणि पहिल्यांदाच सगळं अंगण हसलं.

झुम्रादला वाटलं, हवा बरी आहे, हीच वेळ. तिनं नवऱ्याला नजरेनं खूण केली. एर्गाशनं पाठ ताठ केली. सगळे त्याच्याकडे बघू लागले, कारण एर्गाश सभेत बोलणार ही गोष्टच नवी होती.

"मला असं म्हणायचंय..." एर्गाश म्हणाला. झुम्रादचा हात नानाकडे गेला. "...की या वर्षी द्राक्षं गोड आहेत."

"फार गोड," नोसिर म्हणाला. भाऊ तो भाऊ.

झुम्रादनं उचललेला नान नाइलाजानं मोडला आणि स्वतःच खाल्ला.

"पण मला एक कळू दे, अब्दुवाली-अका," ती म्हणाली. "आजवर शहराला आमची गल्ली आठवली नव्हती. मग एकाएकी ही रुंदी कुणाच्या डोक्यात आली? कुणीतरी अर्ज केला असेल ना?" असं म्हणून तिनं मामुराकडे पाहिलं. मामुरानं छातीवर हात ठेवून डोळे मोठे केले.

"अर्ज आहे," अध्यक्ष म्हणाले आणि उगाच टोपी सारखी केली. "पण तो वाचायलाच हवा असं काही..."

"वाचा, वाचा!" मामुरा म्हणाली. "माझ्यावर आळ येतोय."

ओयदिननं कागद काढला. "'गुलचमन मोहल्ल्यातील आमची गल्ली अरुंद असल्याने वाहने नेण्यास अडचण होते. समोरच्या घराच्या बेकायदेशीर पायऱ्यांमुळे माझ्या व्हॅनचा आरसा तीनदा फुटला आहे. तरी गल्ली रुंद करून मिळावी.' खाली अकरा सह्या. पहिली सही, इक्बोल. वडिलांचं नाव एर्गाश."

अंगणातल्या सगळ्या माना फाटकाकडे वळल्या.

इक्बोल म्हणजे झुम्रादचा थोरला. सत्तावीस वर्षांचा, आईचे नान व्हॅनमधून बाजारात पोचवणारा. तो फाटकापाशी उभा होता आणि फाटकातून बाहेर सटकायच्या बेतात होता. पण फाटकाशी मोहल्ल्यातली चार माणसं दाटीवाटीनं बसलेली. अरुंद जागेचा तोटा त्याला पुन्हा एकदा कळला.

"इक्बोल," झुम्राद अगदी हळू म्हणाली. हळू बोलली की घरातल्यांना जास्त भीती वाटायची.

"आई, मला काय माहीत ते आपली बाजू कापतील? मी काकूच्या पायऱ्यांसाठी लिहिलं होतं!"

"माझ्या पायऱ्यांसाठी?" मामुरा उभी राहिली. "अरे, माझ्याच पायऱ्यांवर बसून गारेगार खात मोठा झालास ना तू? तुझ्या बापाला मूळव्याध झाली तेव्हा याच पायऱ्यांवर उशी ठेवून बसवला होता मी!"

"मामुरा, ते कशाला आता," एर्गाश कळवळला.

"आणि आरसा काय पायरीनं फोडला? पायरी चालून आली?"

"काकू, पायरी आधीच आलेली होती!"

"माझ्या पोराला बोलू नकोस," झुम्राद म्हणाली.

"मग तुम्ही बोला!"

"मी बोलणारच आहे. घरी गेल्यावर."

"आई, हे घरच आहे," इक्बोल म्हणाला.

"म्हणूनच थांबलेय."

अब्दुवाली-अका बावीस वर्षं अध्यक्ष होते ते उगाच नाही. दोन्ही बाजू चुकलेल्या दिसल्या, की ते लगेच मधली वाट काढायचे. ते म्हणाले, "बघा, देवानं तुम्हाला एकच घर म्हणून निर्माण केलंय. मग एका बाजूवरच भार का? पाइपासाठी मी सहा खात्यांत फिरेन, वर्ष लागलं तर लागू दे. निम्मं इकडून, निम्मं तिकडून. एक मीटर दहा एर्गाशचं, एक मीटर दहा नोसिरचं. रेघ मधून. न्याय झाला. काय?"

लोकांच्या माना डोलल्या. न्याय ऐकायला गोडच लागतो. ओयदिननं पेन्सिलनं नकाशावर आकडे मांडले आणि तीही मान हलवू लागली.

झुम्रादनं मनातल्या मनात मोजलं. एक मीटर दहा म्हणजे तंदूरचं पोट नाही तर तंदूरचं तोंड. तोंड नसलेला तंदूर म्हणजे नुसता मातीचा ढीग. समोर मामुराचाही हिशोब झालेला दिसला, कारण तिचा चेहरा संगमरवरासारखा झाला होता. चारही पायऱ्या जात होत्या.

आणि आता अंगणात शांतता होती. सगळ्यांचं समाधान झालेलं. कंबर-ओतांची हनुवटी छातीवरून उचलली गेली. म्हातारा इकडे तिकडे पाहू लागला, जेवण संपलं की काय म्हणून. कोणीही एक नान उचलला असता तरी न्याय कायमचा झाला असता.

आणि एका शेजाऱ्यानं, अगदी सहज, पुढ्यातले नानाचे तुकडे एकत्र करायला हात घातला.

"हां हां हां!" झुम्राद झेपावली. "आत्ता कुठे बसलात! खरबूज तर कापलंच नाही!"

तिनं तुकडे विस्कटले. खरबूज आलं. द्राक्षं आली. कालचा हलवा आला. जिचा सगळा बेत दस्तरखान लवकर उचलायचा होता, ती आता त्याच्यावर जेवढं मावेल तेवढं रचत सुटली. तुकड्यांवर अख्खे नान, नानांवर बदाम. लोक म्हणू लागले, "ओपा, पुरे." ती म्हणे, "पुरे कसं? न्याय झालाय घरात, तोंड गोड करायला नको?" मामुरानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता उठून स्वतःच्या हातानं सामसे वाढू लागली. झुम्रादच्या अंगणात, झुम्रादच्या पाहुण्यांना. असं सत्तावीस वर्षांत घडलं नव्हतं. कंबर-ओतांच्या हातात तिनं सामसा दिला, तेव्हा त्यांचे हात गुंतले आणि हनुवटी पुन्हा छातीवर आली.

"मग लिहू ना, निम्मं निम्मं?" ओयदिननं विचारलं.

"लिही की. पण आधी सांग, निम्मी पायरी म्हणजे कुठली? वरची दोन की खालची?" मामुरा म्हणाली.

"सगळ्याच जातील."

"म्हणजे दार जमिनीपासून इतकं वर, आणि नवरी आत कशी जाणार? शिडीनं?"

"आणि निम्म्या तंदूरमध्ये नान कसा लावायचा?" झुम्राद तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. "अर्धचंद्र?"

"भिंत मागे घेताना माझा मांडव पडला तर?" तिसरा एक शेजारी म्हणाला, ज्याला आत्ता कुठे कळलं होतं की रेघ पुढे त्याच्याही दारावरून जाते.

"आणि माझ्या ओट्याचं?"

"आणि तुतीचं झाड? आजोबांनी लावलंय!"

"सही तर तूसुद्धा केलीस, अकरा जणांत आहेस तू!"

"मी पायऱ्यांसाठी केली!"

"मीही!"

पाच मिनिटांत सगळा न्याय विरघळला. ओयदिन कधी नकाशाकडे बघत होती, कधी लोकांकडे. तिच्या मानाच्या जागेतून तिला उठता येत नव्हतं. नकाशावर खरबुजाचं पाणी पसरत होतं आणि बदामाची टरफलं मोहल्ल्याच्या शाळेवर पडत होती. तिनं डोक्याला हात लावला. पहाटे ताश्कंदहून निघालेली पोरगी, दुपारपासून नुसता नान खात होती. शेवटी तिचा तोल सुटलाच.

"तुम्हाला भिंत हलवायची नाही! पायरी हलवायची नाही! तंदूर नाही, ओटा नाही, झाड नाही! मग एक करा ना! गल्लीत गाडीच येऊ देऊ नका! दोन्ही तोंडांना खांब रोवा, आणि बसा सगळे चहा पीत!"



झुम्रादनं मामुराकडे पाहिलं. मामुरा झुम्रादकडेच बघत होती. सत्तावीस वर्षं त्या दोघींनी एकमेकींकडे नाकासमोरून, नाकाखालून आणि पडद्याआडून पाहिलं होतं. असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

पुढची गोष्ट एवढ्या झटपट झाली, की मोहल्ल्यात आजही लोक कुणाचा हात आधी गेला यावर पैज लावतात. झुम्रादनं दस्तरखानाचं एक टोक उचललं, मामुरानं दुसरं. खरबुजाच्या साली, सामसे, न्याय, सगळं मधे गोळा झालं. नान एकमेकांवर आपटले.

कंबर-ओतांच्या हातातला सामसा खाली पडला. डोळे मिटलेलेच होते. दोन्ही हात वर गेले.

"घरात बरकत राहो," म्हातारा खर्जात म्हणाला. "भाऊ भावाजवळ राहो, लेकरं वाढोत, जे बोललं गेलं ते शुभ होवो..."

सगळ्यांचे हात वर गेले. अध्यक्षांचे गेले. फाटकापाशी दाटलेल्या चौघांचे गेले. इक्बोलचे सवयीनं गेले. आणि वरच्या टोकाला, तोंड अजून अर्धवट उघडं असलेल्या ओयदिनचेही गेले. ताश्कंदमध्ये शिकली म्हणून काय झालं, तिलाही घरी आजोबा होते.

"ओमिन!"

एकोणीस माणसांनी तोंडावरून हात फिरवला. झालं.

सगळ्यात आधी ओयदिनला जाग आली. "अहो! मी रागानं म्हटलं होतं! तो काही प्रस्ताव नव्हता!"

"बेटा," अब्दुवाली-अका सावकाश म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता, पण बावीस वर्षांचा अनुभव होता. "दुवा झाली."

"पण नियम?"

"नियमात बसत नाही का?"

ओयदिननं ओल्या कागदांत काहीतरी शोधलं. "बसतं," ती नाराजीनं म्हणाली. "फक्त पायी चालायची गल्ली असेल तर साडेतीन मीटर पुरतात. आहे तीन ऐंशी. म्हणजे उलट तीस सेंटिमीटर जास्तच आहेत."

"जास्त!" दोन-तीन घरमालकांच्या नजरा आपापल्या भिंतींकडे गेल्या. यंदाच्या लिंपणाचा विचार चालू झाला होता.

"आई!" इक्बोलचा आवाज चिरकला. "माझी व्हॅन! मैद्याची पोती गल्लीच्या तोंडापासून खांद्यावर आणू?"

"का, खांदा दुखतो?" झुम्राद म्हणाली. "आरसा तर फुटणार नाही."

"काकू, तुझ्या नवरीमुलीसुद्धा चालत येणार! टाचांचे बूट घालून, धुळीतून!"

मामुराच्या हे तेव्हा कुठे लक्षात आलं. तिच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली. मग ती म्हणाली, "येऊ देत. अख्ख्या गल्लीतून चालत जाणारी नवरी अख्खा मोहल्ला बघेल. आत्तापर्यंत काळ्या काचेच्या गाडीत बसून निघून जायच्या, माझी मेहनत बघायचं कोण?"

"आणि नटून परत जाताना भूक लागेलच त्यांना," झुम्राद म्हणाली. "तंदूर वाटेतच आहे."

"माझ्या नवरीमुलींना लिपस्टिक लावल्यावर नान खायला घालाल तर बघा!"

"तुकडा करून देईन."

"ओपा!"

हे असं चालू असताना एर्गाशनं अचानक पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात, एका दमात, एकही शब्द न चुकता म्हणाला, "रेघ तंदूरपाशी वळू दे, बाकी सरळ जाऊ दे!"

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. झुम्रादनं त्याच्यापुढे अर्धा पियाला चहा ठेवला. प्रेमानं.

"बंबाला मात्र यावं लागेल," ओयदिन थकून म्हणाली. "खांब काढता येणारे हवेत. कुलूप, किल्ली. किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे!" झुम्राद आणि मामुरा एकदम म्हणाल्या, आणि नोसिर व एर्गाश यांनी एकदम सुस्कारा सोडला. किल्लीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. अजूनही सुटलेला नाही.

पण ओयदिनला संध्याकाळची गाडी गाठायची होती. तिनं सभेच्या वृत्तांताचा छापील कागद गुडघ्यावर घेतला. ठराव: गल्ली पायी वाहतुकीसाठी राखीव. घरं जागेवर. खाली दोन रकाने होते.

"आता हे कसं भरू?" ती म्हणाली. "मतदान तर झालंच नाही. नियमाप्रमाणे हात वर करून मत द्यावं लागतं."

अब्दुवाली-अकांनी चष्मा काढून पुसला. मग अंगणभर नजर फिरवली. तख्तावरून फाटकापर्यंत आणि परत तख्ताच्या वरच्या टोकाला ओयदिनपर्यंत.

"हात कुणाचा खाली होता? तुझा होता?"

ओयदिननं स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं. मग तिची धनुष्यासारखी एक भुवई वर गेली, ओठाचा कोपरा हलला, आणि तिनं पेन उचललं.

उपस्थित: एकोणीस. ठरावाच्या बाजूने वर झालेले हात: अडतीस.